ताईचा डावा खांदा

ताई दुसऱ्यांदा नापास झाली तो गुरुवार होता. दुपारी अडीच वाजता बाबा घरी आले. त्यांनी कमरेचा पट्टा सोडून खुंटीला लावला, पाणी प्यायले आणि आईला म्हणाले, "दहातली एक बी नाय लागली." ताई त्यांच्या मागून आली आणि मोरीत जाऊन हातपाय धुऊ लागली.

बाबा पोलिसांना बंदूक चालवायला शिकवत. हुद्दा हवालदाराचा, पण सगळे त्यांना उस्ताद म्हणत. पोलिसांत कवायत आणि गोळीबार शिकवणाऱ्याला हेच म्हणतात. आम्ही रोह्याला पोलीस लाइनीत राहत होतो. दोन खोल्या, पुढे ओटी, मागे मोरी. ताई, म्हणजे सुरेखा, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. बाबांच्या मागे लागून ती पोलिसांत भरती झाली, ट्रेनिंग संपवून आली आणि जिल्ह्यातच रुजू झाली. नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. त्यासाठी गोळीबारात पास व्हावं लागे आणि संधी तीनच होत्या. दहा गोळ्यांतल्या निदान पाच लागायला हव्या होत्या. त्या गुरुवारी तिची दुसरी संधी गेली. शिकवणारे तिचे वडीलच होते, त्यामुळे त्या दिवशी घरात दोघं नापास झाली होती.

गोळीबाराच्या मैदानाला चांदमारी म्हणतात. आमची चांदमारी वरसे गावाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी होती. सरावाच्या दिवशी तिथे लाल निशाण लागे आणि गुराख्यांना पहाटेच सांगून येत. वारा तिकडून असला की आवाज घरापर्यंत यायचा. आधी एक कोरडा कडाका, मग डोंगरावरून परतणारा दुसरा. आई भाकरी थापता थापता ऐकायची आणि म्हणायची, "ह्यो घाईचा गडी हाय. ह्याची नाय लागनार." तिने जन्मात बंदुकीला हात लावला नव्हता. ती पेणच्या खाडीकाठच्या मिठागरांवर वाढलेली. पण गोळ्यांमधला वेळ ऐकून नेम लागला की चुकला हे ती सांगायची आणि संध्याकाळी बाबांना विचारून खात्री करून घ्यायची. बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघे. ताईच्या गोळ्या मात्र तिला कधी ओळखता आल्या नाहीत. त्या सावकाश, सारख्या अंतराने, सुटायच्या. "ही तर लागायला पायजे होती गो," ती मला म्हणायची.

सरावाच्या दिवशी आमच्याकडे बाबांना पेज असे. पडून नेम धरायचा तर पोट हलकं हवं, भरल्या पोटाचा श्वास बंदुकीला हलवतो, असं त्यांचं म्हणणं. तांदळाची पेज, मीठ आणि भाजलेला एक पोह्याचा पापड, बस्स. ताई रुजू झाल्यापासून दोन वाडगे भरायला लागले. दोघं समोरासमोर बसून न बोलता भुरके मारत. संध्याकाळी परत आल्यावर मात्र आई दोघांना भात, जवळ्याची चटणी आणि वालाचं बिरडं असं वाढायची की त्यांना उठवत नसे. इतक्या वर्षांच्या आवाजाने बाबांचा उजवा कान गेला होता. त्यांच्याशी बोलायचं तर डावीकडे बसायचं आणि मोठ्याने बोलायचं, हा घरातला नियम होता. त्यामुळे आमचं सगळं घर ओरडूनच बोलायचं. मी एकटी हळू बोलणारी. माझं बोलणं बाबांपर्यंत पोचायचंच नाही, म्हणून मी बोलायची कमी आणि ओटीवर पुस्तक घेऊन बसायची जास्त. आजही मला मोठ्याने बोलता येत नाही. शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, मागच्या बाकावरची मुलं कायम पुढे सरकून बसायची.

घरी सराव करता यावा म्हणून बाबांनी सागाच्या फळीतून एक लाकडी बंदूक घडवली होती. वजन खऱ्या थ्री-नॉट-थ्रीएवढं यावं म्हणून आत लोखंडी सळई घातलेली, घोड्याच्या जागी दाराची स्प्रिंग. पुढच्या टोकाला खिळा ठोकून माशी केली होती. नेम धरताना नळीच्या टोकावरच्या ज्या उंचवट्यावरून बघतात त्याला माशी म्हणतात. ताई ओटीवर चटई टाकून पालथी पडायची, लाकडी बंदूक उजव्या खांद्याला लावायची आणि समोर भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या रविवारावर नेम धरायची. टोकावर बाबा एक चिंचोका ठेवायचे. घोडा दाबताना चिंचोका पडला तर हात हलला. बाबा तिच्या डोक्याशी उकिडवे बसून तेच तेच सांगायचे, "डावा डोळा मीट. श्वास अर्धा सोड. घोडा दाबायचा, खेचायचा नाय. तू खेचतेस, म्हणून गोळी डावीकडं जाते."

तिच्या गोळ्या खरंच डावीकडे जात. दहाच्या दहा, सगळ्या डावीकडच्या मातीत, एकमेकींच्या जवळ. आणि चिंचोका कधीच पडत नसे. हे मी ओटीच्या कोपऱ्यातून रोज बघत होते. घोडा खेचला जात असता तर चिंचोका पडला असता. माझ्या लक्षात आलं होतं, पण मी बोलले नाही. पुस्तकात तोंड घालून बसणाऱ्या मुलीने उस्तादांना काय सांगायचं, असं वाटलं. ताईला तरी सांगायला हवं होतं. पुढे एकदा मी तिच्यापाशी हे कबूल केलं तेव्हा ती म्हणाली, "तू हळू सांगितलं असशील, मी ऐकलं नसेल." मला बरं वाटावं म्हणून ती तसं म्हणाली.

त्या गुरुवारी संध्याकाळी नदीपलीकडच्या अष्टमी गावाहून शेडगेकाका आले. पूल ओलांडून सायकलवर आले ते थेट ओटीवर. काका बाबांच्याच हाताखालचे शिपाई. त्यांना नेम कधी साधलाच नव्हता, म्हणून सरावाच्या दिवशी त्यांची जागा कायमची खंदकात असे. टारगेटांच्या खाली खंदक असतो. तिथे बसून टारगेट वर-खाली करायचं, गोळी लागली की चकतीने खूण दाखवायची आणि मग भोकावर खळीने कागदाचा तुकडा चिकटवायचा. पोरं त्यांना मागून 'खळवाला' म्हणत. काकांना ते माहीत होतं आणि ते स्वतःच हसायचे.

चहा पुढे आल्यावर काकांनी इकडेतिकडे बघितलं आणि खिशातून एक पेन्सिल काढून बाबांच्या पुढ्यात ठेवली.

"उस्ताद, रागावू नका. फुडच्या बारीला खंदकात मीच हाय. हिचं भोक नि गोळीचं भोक, साहेबाला काय, साहेबाच्या बापाला बी वळखू येनार नाय."

"चहा घे शेडगे. थंड व्हतोय."

"पोरीची नोकरी जाईल."

"गेली तर गेली." बाबा नेहमीसारखे ओरडूनच बोलत होते, सगळी लाइन ऐकत असणार. "उद्या हिच्या हातात भरलेली बंदूक देऊन हिला कुनाच्या तरी दारात राखणीला उभी करतील. आतली मानसं हिच्या भरवशावर झोपतील. तवा तू पेन्सिल घेऊन जाशील काय तिथं?"

काकांनी कप उचलला. आतून ताई आली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज नव्हता बदललेला. "काका, ती पेन्सिल वासूला द्या. आमच्यात लिवनारी तीच हाय." काका हसले, बाबाही हसले आणि पेन्सिल मला मिळाली.

रविवारी आई म्हणाली, पेणला जाऊ या, दादाकडून पापड आणायचेत. खरं तर तिला त्या दोघांना चटईवरून उठवायचं होतं. मामा, म्हणजे आईचा थोरला भाऊ, पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचा. मूर्तीचे डोळे रंगवण्याच्या कामाला आखणी म्हणतात. ते शेवटचं काम असतं आणि ते सगळ्यांना जमत नाही. परदेशी जाणाऱ्या मूर्ती लवकर निघतात, म्हणून थंडीतही कारखाना चालू होता. मांडणीवर हात-हातभर उंचीच्या मूर्ती ओळीने बसलेल्या, काहींना डोळे आलेले, काहींना नाही. मामा पाटावर बसून कुंचला चालवत होता. ताई शेजारी टेकली आणि वाकून बघू लागली. मामाने हात थांबवला.

"सुरे, तू डाव्या डोळ्याची काय गो?"

"म्हणजे?"

"तशी मान घालतेस. हात कर म्होरं." त्याने तिला दोन्ही हात लांब करून पंजे एकावर एक असे धरायला लावले की मध्ये फक्त सुपारीएवढी फट राहिली. "त्यातनं त्या कोपऱ्यातल्या मूर्तीची सोंड बघ. दोनी डोळे उघडे ठेव. दिसली? आता सोंड न सोडता हात हळूहळू तोंडाशी आन."

ताईचे हात सरकत सरकत तिच्या डाव्या डोळ्यापाशी येऊन थांबले.

"बघ," मामा म्हणाला. "हिचा डावा म्होरं चालतो. आमच्याकडं नवा गडी आला की पयलं हे बघतो. डाव्या डोळ्याच्याला पाट दिव्याच्या दुसऱ्या बाजूला द्यायचा. नायतर मूर्ती चकणी व्हते, नि गडी बिचारा समजतो आपल्याला हात नाय."

बाबा दारात उभे होते. त्यांनी आधी मामाची थट्टा केली. "तुझ्या गनपतीला गोळी मारायची नाय तिला," म्हणाले. मग स्वतः हात पुढे केले. त्यांचे उजव्या डोळ्याशी आले. आईला करायला लावलं, मला करायला लावलं, रंग कालवणाऱ्या दोन गड्यांना करायला लावलं. सगळ्यांचे उजवे. पुन्हा ताईला उभं केलं. डावा. तिसऱ्यांदा केलं. डावा. त्यानंतर जेवताना बाबांचा घास हातातच राही. मामी ताटावरून दोनदा विचारून गेली, भाजी तिखट झाली काय.

परतीच्या एसटीत ते ताईच्या उजवीकडे बसले, म्हणजे चांगला कान तिच्याकडे येईल असे. वडखळला गाडी थांबली, माणसं चढली-उतरली. बाबा म्हणाले, "डावा डोळा मिटतेस तवा काय व्हतं?"

"पुरता मिटत नाय. गोळी सुटायच्या टायमाला उघडतो."

"मग सांगितलं का नाय?"

"तुमी ऐकलं असतं?"

गाडी सुटली. नागोठणं मागे पडलं तेव्हा ते म्हणाले, "नसतं ऐकलं."

माझे वडील हुशार होते, कडक होते, हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्या दोन शब्दांनंतर ते मला त्याहून मोठे वाटले, ते आजतागायत.

तिसरी संधी तीन आठवड्यांवर होती. ताईने बंदूक डाव्या खांद्याला लावायची, हे बाबांनी ठरवलं. पण तसं कुणी शिकवत नव्हतं. त्या बंदुकीची गोळी भरायची मूठ उजव्या बाजूला असते. डाव्या खांद्यावरून मारणाऱ्याला दर गोळीनंतर डावा हात बंदुकीवरून पलीकडे नेऊन मूठ ओढावी लागते. मग पुन्हा गाल टेकवायचा आणि पुन्हा नेम. शिकवायचं तर आधी स्वतःला यायला हवं, म्हणून बाबा स्वतः चटईवर पडले. पन्नाशीचा माणूस, पोट सुटलेलं, रोज सकाळी लाकडी बंदूक डाव्या खांद्याला लावून धडपडायचा आणि शिव्या घालायचा. मुठीच्या जागी त्यांनी दाराची कडी ठोकली होती, तिने त्यांची बोटं सोलून निघाली. आई चुलीपासून विचारायची, "उस्ताद, पास झालात काय?" आठ दिवसांनी त्यांचं अंग वळलं. मग त्यांनी ताईला झोपवलं, आणि ती पहिल्याच दिवशी त्यांच्यापेक्षा सफाईने मूठ ओढायला लागली. त्या दिवशी ते एवढे खूश झाले की लाइनीतल्या पोरांना बोलावून दाखवलं.

तिसऱ्या संधीच्या दिवशी मी कॉलेज बुडवलं. बाबांचा डबा पोचवायच्या निमित्ताने आईने मला पाठवलं. करंजाच्या झाडाखाली जीप उभी होती, तिथे ड्रायव्हरशेजारी मला बसू दिलं. गोळीबार सुरू होण्याआधी बाबांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि मामाने शिकवलेलं ते हातांचं करायला लावलं. साहेब खुर्चीवर बसून बघत होते, त्यांना गंमत वाटत होती. बाबा एकेकापुढून चालत गेले. उजवा, उजवा, उजवा. शेडगेकाकांपाशी ते थांबले.

"परत कर."

काकांनी परत केलं.

"परत."

काकांचे हात तिन्ही वेळा डाव्या डोळ्याशी आले. बाबा आपल्या त्या ओरडण्याच्या आवाजात, सगळ्या तुकडीसमोर, साहेबांसमोर म्हणाले, "शेडगे, अठरा वर्षं मी तुला आंधळा म्हटलं. चूक माझी हाय. तुझी नाय."

कुणी हसलं नाही. काकांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. "म्हणजे उस्ताद, मला दिसतंय?"

"दिसतंय."

"बायकोला सांगतो मग," काका म्हणाले आणि मग मात्र सगळी ओळ हसली.

बाबा साहेबांपुढे गेले. पुढच्या फेरीत माझी मुलगी आहे, ती डाव्या खांद्याने मारील, परवानगी द्या, म्हणाले. गुण मी लिहिणार नाही, तुम्ही लिहा. खंदकातही आज शेडगे नको, दुसरा माणूस पाठवा. साहेबांनी विचारलं, मूठ उजवीकडे आहे, जमेल तिला? बाबा म्हणाले, "मला जमलंय साहेब. तिला माझ्यापेक्षा बरं जमतं." साहेबांनी मान हलवली. बाबांनी ताईला ओळीच्या अगदी उजव्या टोकाला झोपवलं, कारण डाव्या खांद्याने मारणाऱ्याचे पाय उजवीकडे पसरतात आणि शेजाऱ्याला अडचण होते. मग ते टारगेटांकडे पाठ करून उभे राहिले.

पहिली गोळी सुटली. खंदकातून लाल निशाण हललं. म्हणजे चुकली. ताईचा हात बंदुकीवरून पलीकडे गेला, मूठ मागे, मूठ पुढे, गाल खाली. दुसरी सुटली. पुन्हा लाल निशाण. ड्रायव्हरने च्च केलं. मी जीपचं दार धरून ठेवलं होतं, त्याचा पत्रा उन्हाने तापला होता हे मला हात सोडल्यावर कळलं. ताई थांबली. तिची पाठ वर आली आणि अर्धी खाली गेली. तिसरी सुटली आणि खंदकातून काठीवरची पांढरी चकती वर आली. ती टारगेटाच्या उजव्या कडेशी टेकली. चौथीला चकती थोडी आत आली. पाचवीला आणखी आत. नंतर मध्ये एकदाच लाल निशाण हललं. उरलेल्या सगळ्यांना चकती वर आली. बाबा पाठमोरेच होते. आवाज त्यांना ऐकू येत होते, पण लागली की चुकली हे त्यांना कळायला मार्ग नव्हता आणि आईसारखा कान त्यांच्यापाशी नव्हता.

शिट्टी झाली. साहेबांनी वहीत लिहिलं आणि हाक मारली, "उस्ताद, दहात सात."

बाबांना पहिल्यांदा ऐकू गेलं नाही. साहेब उठून त्यांच्या डावीकडे गेले आणि पुन्हा म्हणाले.

"उरलेल्या तीन कुठं गेल्या?" बाबांनी विचारलं.

साहेब मोठ्याने हसले. ताई उठली. तिच्या दोन्ही कोपरांना वाळू चिकटली होती. बाबा तिच्याकडे गेले, तिचं डावं कोपर झाडलं आणि म्हणाले, "कोपर अजून पसरतेस." ती म्हणाली, "व्हय उस्ताद." चांदमारीवर ती त्यांना बाबा म्हणत नसे. मग ते वळून करंजाकडे आले, डबा माझ्या हातातून घेतला आणि उघडायच्या आधीच जीपच्या मागे जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले. त्यानंतरच्या फेरीत शेडगेकाका त्याच उजव्या टोकाला झोपले. त्यांच्या दहात तीन लागल्या. पास व्हायला त्या पुरेशा नव्हत्या, पण काका त्या तीन भोकांच्या टारगेटाचा कागद साहेबांकडून मागून घेऊन अष्टमीला गेले.

घरी आईने ताईला दारातच विचारलं, "आज मधी एक येळ थांबलीस. तिथून लागायला लागल्या ना गो?"

ताई बाबांच्या जागी उस्ताद झाली तेव्हा मी पेणला शाळेत लागले होते. नव्या बंदुका आल्या, पिस्तुलं आली, टारगेटं बदलली. वेगवेगळ्या गावांतल्या मुली तिच्यापुढे उभ्या राहायच्या, काही शेतातून आलेल्या, काही मिठागरांवरून. तिने कुणाला आंधळी म्हटलं नाही. नोकरीभर तिच्या हातून हजारो गोळ्या सुटल्या असतील, पण माणसावर तिने एकही झाडली नाही. ह्याचा तिला जेवढा अभिमान होता तेवढा कुठल्याच पदकाचा नव्हता. बाबा गेले तेव्हा त्यांना खांदा द्यायला ती पुढे झाली.

ताईला जाऊन आता सात महिने झाले. दिवसकार्याला तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली आल्या होत्या. त्यांतल्या एकीने मला चांदमारीवर आता काय चालतं ते सांगितलं. मी आता वरशाला एकटी राहते. चांदमारीवर अजून सराव होतो आणि बंदूक हातात देण्याआधी हात पुढे करायला लावून प्रत्येकाचा डोळा बघतात.